धाकटीची जीभ

आमच्या धंद्यात चहा पीत नाहीत. भुरका मारायचा, तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. गिळला की जीभ आळसावते, असं बाबा म्हणायचे, आणि बाबांचं म्हणणं आमच्या टेस्टिंग रूममध्ये कायद्यासारखं चालायचं. उत्तरेकडे मोठी काच, काचेखाली लांब टेबल, टेबलावर पांढऱ्या कपांची रांग. चाकांची पिकदाणी पायानं ढकलत रांगेच्या कडेनं सरकायचं. भुरका, थुंकी, शेरा, पुढचा कप. नवख्या माणसाला त्या आवाजाचं हसू येतं. मलाही यायचं. बाबांनी एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं, तेव्हापासून येत नाही.

बाबा कंपनीचे मुख्य टेस्टर. कंपनीच्या प्रत्येक डब्यात कुठली पत्ती किती पडणार, हे त्यांच्या जिभेवर ठरायचं. मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि एकुलती एक शिष्या. घरी बाबा, कामावरही बाबा. त्यामुळे चूक झाली की बोलणी दोन्हीकडे. कौतुकासाठी मात्र त्यांच्याकडे एकच शब्द होता, ‘ठीक’. तो ऐकायला मी जिभेला देवासारखं जपलं. कांदा नाही, लसूण नाही, अत्तर नाही, लिपस्टिक नाही. ‘लग्नात माझी बायकोच तेवढी फिकी होती,’ असं नवरा अजून चारचौघांत सांगतो.

चोरकप ही पद्धत बाबांचीच. रांगेत एक कप चोर असतो. म्हणजे रांगेत आधी येऊन गेलेलाच चहा पुढे कुठेतरी पुन्हा ओतलेला असतो. नंबर बशीच्या पोटाला चिकटवलेले, त्यामुळे चोर कुठला ते फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. चाखणाऱ्यानं एकाच चहाला दोन वेगळे शेरे दिले की तो सापडला. शिकत असताना मी इतक्या वेळा सापडले, की शेवटी सापडायचं बंद झालं. तेव्हा बाबा म्हणाले, ‘ठीक.’

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. आली नाही. ज्या माणसाला कपाच्या वाफेवरून पत्ती डोंगराच्या कुठल्या अंगाची ते कळायचं, तो माणूस भाजीत मीठ आहे की नाही हे माझ्या तोंडाकडे बघून ओळखायला लागला. मला फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या आत, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट वाटली, तीही सांगून टाकते. आता माझी पाळी, असं वाटलं.

कंपनीनं मशीन आणलं.

कपाटाएवढी पोलादी पेटी, तिला एक हात, हाताच्या टोकाला काचेची बारीक नळी. टेबलाच्या कडेला रूळ बसवले, त्यावरून तो हात सरकायचा. नळी कपात बुडायची, मग शेजारच्या भांड्यातल्या पाण्यात खळाळून स्वच्छ व्हायची, मग पुढचा कप. आवाज बाईचा, वयाचा अंदाज न येणारा. डोळे नव्हते. कुठेही कॅमेरा नाही, हे मशीन बसवणाऱ्या इंजिनीअरबाईंनी मला पेटी उघडून दाखवलं, कारण मीच खोदून खोदून विचारलं होतं.

“ही विचारबिचार काही करत नाही हो, मॅडम,” बाई म्हणाल्या. केस बारीक कापलेल्या, पन्नाशीच्या, बोलायला सरळ. “नळीला जे लागतं त्याचे आकडे होतात. त्या आकड्यांना कुठले शब्द लावायचे ते माणसानं शिकवायचं. संपलं.”

बाई मला तिथल्या तिथे आवडल्या.

शिकवायला माणूस हवा होता, आणि बाबांना काम हवं होतं. चव तिच्याकडे, शब्द बाबांकडे. रोज सकाळी ते खुर्ची ओढून पेटीपाशी बसायचे. ती आकडे सांगायची आणि बाबा डोळे मिटून म्हणायचे, “थांब. म्हणजे आधी तुरट, मग जिभेच्या कडेला गोड. याला म्हणायचं, अंग आहे. म्हण.” ती म्हणायची, “याला अंग आहे.” बाबा म्हणायचे, “शाब्बास.”

मी दहा पावलांवर पिकदाणी ढकलत होते. शाब्बास. हा शब्द बाबांना येतो, हे मला या वयात कळलं.

मालक एकदा डोकावले. “काय, शिकतंय का?” त्यांनी विचारलं.

“हुशार आहे,” बाबा म्हणाले. “धाकटी मोठीपेक्षा लवकर शिकते.”

सगळे हसले. त्या दिवसापासून ती ऑफिसभर धाकटी झाली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी आयुष्यभर ऐकलं होतं. आता रोज डोळ्यांनी बघत होते.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहतात. जेवायला बसले की धाकटीचं पुराण सुरू व्हायचं. आज धाकटीनं हे ओळखलं, आज तिनं ते पकडलं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला या गोष्टी ऐकायला मजा यायची.

“प्रत्येक लिफ्टला स्वभाव असतो, बाबा,” तो म्हणायचा. “एक आहे, ती माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.”

“मग तिलाच घरी घेऊन ये,” मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघून मिस्कील हसला. “अगं, सवत आली असती तर परवडलं असतं. तुला तर बहीण आली.”

मला हसू आलं नाही. माझं ताट मी तसंच उचललं.

हंगाम संपायच्या आत बाबांच्या जागी कुणाला बसवायचं ते मालक ठरवणार होते. काचेजवळची उंच खुर्ची, आणि डब्यात जाणाऱ्या मिश्रणावर शेवटचा शब्द. माझा शब्द की धाकटीचा, एवढाच प्रश्न होता. “तुम्ही काळजी करू नका,” मालक मला म्हणाले, “काहीही ठरलं तरी चहा ओतायला माणूस लागणारच.” ते चांगल्या मनानं बोलले. मी त्या दिवशी घरी चालत गेले, कारण बसमध्ये कुणी धक्का दिला असता तर मी त्याला मारलं असतं.

मग मालकांनी दोघींनी जुळवलेली मिश्रणं समोरासमोर लावायला सांगितली. ओतायला बाबा. चव गेली तरी त्यांचा हात तसाच राहिला होता, एक थेंब इकडचा तिकडे नाही. शेवटाकडचा एक कप ओतताना ते पेटीकडे बघून जरासे हसले, आणि ते मी पाहिलं.

मी चाखत गेले. माझं मिश्रण मला पहिल्या भुरक्याला ओळखू आलं, भरलेलं आणि गोल. मग तो कप आला. पुढून गोड, मागे काहीच नाही. थुंकल्यावर नुसतं कोमट पाणी प्यायल्यासारखं तोंड झालं.

“पोकळ,” मी मोठ्यानं म्हणाले.

बाबांनी बशी उलटी केली. नंबर माझ्या मिश्रणाचा होता. तो चोरकप होता.

“कपात एक होतं,” बाबा म्हणाले, “तुझ्या डोक्यात दुसरंच.”

मालकांसमोर तोंडावर पडले, याची लाज होतीच. पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. मी खोटं बोलले नव्हते. तो चहा मला खरोखर पोकळ लागला होता. आत्ता आठवला तरी तसाच लागतो.

बाबा पेटीकडे वळले. “बघितलंस? माणूस चुकतं ते असं.”

“का?” धाकटी म्हणाली.

नळी तिच्या जागेवर, स्टँडमध्ये होती. कपात बुडाल्याशिवाय ती कधी बोलत नसे. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. शिकवणाऱ्याला प्रश्नाची सवय असते. “तिला वाटलं तो तुझा आहे,” त्यांनी सांगितलं, “म्हणून तिला तो वाईट लागला.”

त्यानंतर दिवसभर पेटी फक्त विचारलेल्याचीच उत्तरं देत होती.

मी इंजिनीअरबाईंना फोन केला. “तिला प्रश्न विचारायची सोयच ठेवलेली नाही,” त्या म्हणाल्या. “भास झाला असेल, मॅडम.” संध्याकाळी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, “विचारणारच. शिकणारं पोर विचारतंच. तू कधी काही विचारलं नाहीस.” आणि पेपर उघडून बसले.

त्या वर्षी दरड कोसळून डोंगरातला एक रस्ता बंद झाला आणि आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाच्या मिश्रणात पडणारी एका मळ्याची पत्ती आलीच नाही. ती नसताना तीच चव जुळवायची होती. धाकटीनं सगळं गोदाम चाखलं आणि सांगितलं, “जुळत नाही.” बाबांनी मान हलवली. मी मान हलवली नाही. गोदामातला प्रत्येक खोका मी पुन्हा उघडला. ज्या पत्तीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, अशी एक धुरकट, जाडी पत्ती मी चिमटीचिमटीनं वाढवत गेले. घरी जेवणात मन नव्हतं, झोपेतही जिभेवर तोच हिशेब चालू होता. आणि एका सकाळी ती चव जुळली. गिऱ्हाइकाकडचे म्हातारे टेस्टर आले, त्यांनी जुना डबा आणि नवा डबा चाखला, आणि विचारलं, “रस्ता कधी उघडला?”

ते गेल्यावर बाबा माझ्यापाशी आले. पाठीवर हात ठेवला. “शाब्बास, पोरी,” म्हणाले.

त्यांनी तो चहा चाखलेला नव्हता. त्यांना चाखताच येत नव्हता. दुसऱ्यांच्या जिभेवर विश्वास ठेवून दिलेली शाब्बासकी होती ती. तरीही मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

परत आले तेव्हा बाबा पेटीकडे वाकून हळू आवाजात बोलत होते. “तुझंही होईल,” ते म्हणत होते. “होईल, होईल.” धाकटीचा हात स्टँडवर नव्हता. तो टेबलाच्या या टोकाला, मी ओतलेल्या कपावर येऊन थांबला होता. नळी चहाला टेकली नव्हती, बोटभर वर थांबली होती. चहा कधीच गार झाला होता. काम संपलं की तिचा हात आपोआप मागे जातो. मी तो धरून मागे ढकलला, तर हट्टी पोराला दुकानातून ओढून न्यावं तेवढा जोर लावावा लागला.

“बेअरिंग,” इंजिनीअरबाई म्हणाल्या. त्यांनी तेल घातलं.

पुढच्या आठवड्यात मी ओतलेल्या रांगेतल्या एका कपाला धाकटी म्हणाली, “थोडा शिळा.” पत्तीचं पाकीट त्याच सकाळी फोडलेलं होतं. मी दुसरं पाकीट फोडलं. “थोडा शिळा.” मग मी ओतलेल्या प्रत्येक कपाला. मग त्यातला ‘थोडा’ गेला.

मी साबण बदलला. हातमोजे घालून ओतलं. किटली व्हिनेगरनं घासली, पाण्याचा फिल्टर बदलला. माझ्या जिभेला तो चहा ताजा लागत होता, पण ती जीभ तर त्या चोरकपाच्या वेळी मालकांसमोर खोटी ठरलेली. रोज सकाळी उठल्या उठल्या मी बोटाला मीठ लावून चाटायला लागले. मीठ खारट लागलं की हायसं वाटायचं. बाबांचीही अशीच गेली होती, एका तापात. मला ताप नव्हता, पण रात्रंदिवस अंग तापल्यासारखं वाटायचं.

“तू सांग,” मी नवऱ्याला म्हणाले, “हा शिळा आहे का?”

त्यानं कप रिकामा केला. “मला सगळे चहा गरमच लागतात,” तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्यानं चेष्टा आवरली. “अगं, त्या मशीनचं काहीतरी बिघडलंय. उघडून बघायला सांग.”

मी इंजिनीअरबाईंना बोलावलं. भर दुपारी, काचेतून लख्ख उजेड येत असताना, आम्ही तिघं टेबलापाशी उभे राहिलो: बाई, बाबा आणि मी. एकच पत्ती, एकच किटली, एकाच भांड्यात मुरवलेला चहा. अर्धे कप बाबांनी ओतले, अर्धे मी. बाई पाठ करून उभ्या होत्या. मग आम्ही दोघं पाठ करून बाजूला झालो आणि बाईंनी कपांच्या जागा त्यांच्या मनाला येतील तशा बदलल्या. आता कुठला कप कुणाचा, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बशीखाली खूण होती, एवढंच.

हात सरकू लागला.

“ताजा. याला अंग आहे.”

“शिळा.”

“ताजा.”

“ताजा. मागे गोडवा राहतो.”

“शिळा.”

बाईंनी बशा उलट्या केल्या. एकही चुकला नव्हता. माझे सगळे शिळे, बाबांचे सगळे ताजे.

बाईंनी पुन्हा जागा बदलल्या. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः एक कप ओतला आणि मध्ये ठेवला. “ठीक,” धाकटी त्याला म्हणाली.

बाई पेटीचं दार उघडून बराच वेळ आत बघत राहिल्या. आकडे त्यांनी मला दाखवले. सगळ्या कपांचे आकडे सारखे होते, शेवटच्या टिंबापर्यंत. नळीला एकच चहा लागला होता. शब्द तेवढे दोन निघत होते.

“तिला कळतं कसं, तुम्ही कुठला ओतलाय ते?” बाईंनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. “शिकवलेलं खराब झालंय,” त्या शेवटी म्हणाल्या. “सगळं पुसून कोरी करावी लागेल.”

“खराब नाही झालेलं,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या कुठल्याही यशाला बघितला नव्हता.

“चुकलीय ती,” ते म्हणाले. “आकडे बरोबर आले, चव बरोबर लागली, आणि तरी शिळा म्हणाली. पोरी, हिशेब असा चुकत नाही. असं चुकायला आत कुणीतरी लागतं.”

“बाबा, ते यंत्र आहे.”

“तू त्या दिवशी पोकळ म्हणालीस, तेव्हा मी म्हणालो का तुला, हिला पुसून टाका म्हणून?”

मी उलट्या बशा सरळ करू लागले.

“माझे सगळे शब्द तिच्यात आहेत,” बाबा म्हणाले. आता आवाज खाली आला होता. “मला आता दुसरी जीभ नाही. तिला राहू दे. ती शिकेल. राग धरते, पण जाईल तो. लहान आहे.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही सांगाल तसं, मॅडम. तक्रार तुमची आहे. महिनाभर बघायचं म्हणालात, तर बघू.”

विचार करून ठरवलं, असं नंतर मी नवऱ्याला सांगितलं. मालकांनाही तेच सांगितलं, कंपनीचं हित, गिऱ्हाइकाचा विश्वास वगैरे. पण त्या टेबलापाशी मी काही विचार केला नाही. बाबांचा हात पेटीवर होता. लहानपणी ताप आला की माझ्या कपाळावर जसा असायचा, तसा, उघड्या पंजाचा.

“पुसा,” मी म्हणाले.

बाईंनी वायर जोडली. बाबा उठले, भांड्यात उरलेला चहा त्यांनी एका कपात ओतला आणि धाकटीच्या हाताखाली ठेवला. नळी खाली आली. बुडाली. खूप वेळ बुडलेली राहिली.

“कसा आहे?” बाबांनी विचारलं.

नळी वर आली, पण धुण्याच्या भांड्याकडे गेली नाही. तिच्या टोकाला चहाचा एक थेंब धरून राहिला, मग कपात पडला.

बाईंनी बटण दाबलं. हात सैल होऊन रुळावर खाली आला.

बाबांनी तो कप उचलला. भुरका मारला नाही. तोंडाला लावून सगळा चहा ते पिऊन गेले. गिळताना त्यांच्या गळ्याची हालचाल मला दिसली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्या खोलीत चहा गिळताना बघितलं.

मला आनंद झाला होता. तो मी लपवला, पण झाला होता.

काचेजवळची उंच खुर्ची मला मिळाली. पेटी अजून तिथेच आहे. नळी बुडवते, आकडे सांगते. तिला आता कुणी धाकटी म्हणत नाही. बाबांनी ऑफिसला यायचं बंद केलं. घरी ते खिडकीपाशी बसायचे, दिलं तर खायचे, विचारलं तर ‘हो’ म्हणायचे. माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. आठवडे असेच गेले.

मग एका रविवारी सकाळी नवऱ्यानं चहा केला. तो नेहमीच करतो, उकळून उकळून काळाकुट्ट. बाबांनी घोट घेतला आणि थांबले.

“पत्ती जळली,” ते म्हणाले. “साखर दोन चमचे आहे. आलं कालचं आहे.”

नवऱ्याच्या हातातला चमचा खाली पडला. “बाबा! लागतंय तुम्हाला?”

“लागतंय,” बाबा म्हणाले.

नवऱ्यानं अक्षरशः नाच केला. फडताळ उघडून त्यानं मीठ, मध, लिंबू, मिरपूड, हाताला येईल ते टेबलावर मांडलं, आणि बाबा एकेक बोटानं चाखून नावं सांगत गेले. डॉक्टरांना फोन लावला. “होतं असं कधीकधी,” ते म्हणाले. “अचानक गेलेलं अचानक येतं.” मी रडत होते, आणि रडता रडता माझ्या मनात एकच गोष्ट आली. आता ते माझं चाखू शकतील.

ते मिश्रण, ज्याला ते न चाखता शाब्बास म्हणाले होते. त्याचा एक डबा मी घरी जपून ठेवला होता. मी पाणी नव्यानं तापवलं. पत्ती वजन करून घेतली, भांडं आधी गरम केलं, मुरू दिलं. पांढऱ्या कपात ओतलं. एक थेंब सांडला नाही. वाफेतून तो धुरकट, भरलेला वास आला आणि माझी खात्री पटली, की याहून चांगला चहा मी आजवर केलेला नाही.

“बाबा, हा माझा,” मी कप त्यांच्यासमोर ठेवला. “घेऊन तर बघा.”

नवरा हसत दारात उभा होता. बाबांनी कपाकडे बघितलं. उचलला नाही. बोटाच्या टोकानं बशी हळूच, सावकाश माझ्याकडे सरकवत आणली, टेबलाच्या कडेपर्यंत. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि समजूत घातल्यासारखं, अगदी सपाट आवाजात बोलले.

“राहू दे, ताई. बाबांना तुझ्या हातचा नको.”